आर्थर सी. क्लार्क यांच्या कथा कालक्रमाने लावताना : प्रकल्प नोंदी

६ जून

काम ठरलं. आमच्या वाचनालयाच्या विज्ञानकथा कट्ट्यासाठी आर्थर सी. क्लार्क यांच्या लघुकथांची सूची करायची, पहिल्या प्रसिद्धीच्या क्रमाने. कथेचं मूळ नाव, नंतर बदललेली नावं, कोणत्या मासिकात कधी आली, आपल्या कपाटातल्या कोणत्या पुस्तकात सापडेल आणि दोन-तीन ओळींचा परिचय. शेवटी त्याची छोटी पुस्तिका छापायची.

यामागे कारण आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक वाचक क्लार्क यांना ‘२००१’ सिनेमामुळे किंवा ‘राँदेव्हू विथ रामा’ या कादंबरीमुळे ओळखतात. पण त्यांनी शंभरेक कथा लिहिल्या आणि त्यातल्या बहुतेक १९४६ ते १९६२ या काळातल्या. हा माणूस घडला तो या कथांमध्ये. त्या कोणत्याही क्रमाने वाचल्या तरी आनंद देतात, पण क्रमाने वाचल्या तर लेखक वाढताना दिसतो. ते वाचकांना दिसावं म्हणून हा खटाटोप.

१४ जून

पहिली पद्धत फसली. कपाटातलं एकेक पुस्तक घ्यायचं, कॉपीराइटच्या पानावरून सालं उतरवायची, असं ठरवलं होतं. त्या पानावर सालांची रांग असते, पण कोणतं साल कोणत्या कथेचं ते कळत नाही. मग पुस्तकाचंच साल कथेपुढे लिहिलं गेलं आणि सगळा घोळ झाला.

उदाहरणार्थ ‘रेस्क्यू पार्टी’. ही ‘रीच फॉर टुमॉरो’ या १९५६ च्या संग्रहात आहे, म्हणून आमच्या यादीत १९५६ खाली गेली. प्रत्यक्षात ती मे १९४६ च्या ‘अस्टाउंडिंग’ मासिकात आली होती. दहा वर्षांचा फरक! दुसऱ्या महायुद्धात विमानदलात रडारवर काम करणाऱ्या तरुणाने लिहिलेली कथा आणि श्रीलंकेला जाऊन राहिलेल्या नामवंत लेखकाची कथा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड’ या १९६७ च्या संग्रहाने तर आणखी गोंधळ घातला. तो निवडक कथांचा संग्रह आहे, आधीच्या पुस्तकांतल्याच कथा त्यात आहेत. त्यामुळे तीच कथा यादीत दोनदा, कधी तीनदा. आठवडाभराचं टिपण बाजूला ठेवलं.

२२ जून

मराठीतून तक्ता करणाऱ्यांनी हे आवर्जून वाचावं, कारण यात फार वेळ गेला.

तक्त्यात साल आणि महिना देवनागरी अंकांत भरले होते. आमच्या संगणकावर ते आकडे म्हणून न धरता अक्षरं म्हणून धरले गेले. सालं चार आकडीच असल्याने ती नीट लागली, पण महिने १, १०, ११, १२, २, ३ असे लागले. उपाय सोपा निघाला: महिना नेहमी दोन आकडी लिहायचा, ०१, ०२, ०३.

ऋतूंचा प्रश्न वेगळाच. त्या काळची काही मासिकं महिन्याऐवजी ‘वसंत १९५१’ असं छापत. अशा अंकांसाठी वेगळा रकाना केला आणि वसंताला ०३, उन्हाळ्याला ०६ असा अंदाजी क्रमांक देऊन पुढे तारांकित खूण केली. शिवाय अमेरिकन मासिकांवरचा महिना हा बाजारात येण्याच्या महिन्यापेक्षा पुढचा असे. आम्ही सरसकट मुखपृष्ठावरचा महिना धरला. दोन्ही मिसळू नका, म्हणजे भांडण नाही.

तिसरी अडचण ‘द’ची. निम्म्या कथांची नावं ‘द’ने सुरू होतात, म्हणजे अकारविल्हे यादीत सगळी गर्दी एकाच अक्षराखाली. ‘द’ काढून शेवटच्या रकान्यात टाकला. आणि अनुस्वाराचा नियम पहिल्या दिवशीच ठरवा. आमच्यात एकाने ‘सेंटिनल’ लिहिलं, दुसऱ्याने ‘सेन्टिनल’, आणि शोधताना एकच कथा सापडेना.

३० जून

क्लार्क यांच्या समग्र कथांचा जाडजूड खंड मागवला. जुनी प्रत, १,४५० रुपये आणि कुरियरचे ११० वेगळे. बांधणी सैल आहे, पण पानं पूर्ण आहेत. त्यात कथेच्या डोक्यावर ती पहिल्यांदा कुठे आली याचा उल्लेख आहे आणि काही ठिकाणी लेखकाची छोटी टीपही. कोणत्याही लेखकाचं असं काम काढणार असाल तर समग्र खंड आधी घ्या, सुटे संग्रह नंतर. विज्ञानकथांच्या साहित्यसूचीचा जो मोठा मोफत संगणकीय कोश आहे, त्याच्याशी प्रत्येक नोंद ताडून पाहिली. दोन्हीकडे जुळलं तरच पेनने, नाहीतर पेन्सिलने.

खर्च वर्गणीतून निघाला नाही, दोघांनी पदरमोड केली.

८ जुलै

बदललेली नावं. हा सगळ्यात किचकट आणि सगळ्यात मजेचा भाग.

‘द सेंटिनल’ पहिल्यांदा १९५१ मध्ये ‘सेंटिनल ऑफ इटर्निटी’ या नावाने आली, ‘टेन स्टोरी फँटसी’ नावाच्या मासिकात. त्या मासिकाचा तेवढा एकच अंक निघाला. ‘ब्रेकिंग स्ट्रेन’ मासिकात ‘थर्टी सेकंड्स, थर्टी डेज’ होती. ‘डॉग स्टार’ १९६२ मध्ये ‘मूनडॉग’ म्हणून छापली गेली. ‘सनजॅमर’चं पुढे ‘द विंड फ्रॉम द सन’ झालं आणि तेच नाव १९७२ च्या संग्रहालाही मिळालं. सर्वात फसवी जोडी ‘एक्स्पिडिशन टू अर्थ’ची: १९५३ च्या संग्रहाचं हे नाव, त्यातल्या एका कथेचंही हेच, पण मासिकात ती कथा ‘एन्काउंटर इन द डॉन’ होती.

आम्ही मुख्य रकान्यात मासिकातलं नाव ठेवून पाहिलं. वाचक गोंधळले, कारण हातातल्या पुस्तकात ते नाव नसतं. आता मुख्य रकान्यात पुस्तकातलं नाव आणि खाली बारीक टायपात मासिकातलं. क्रम मात्र मासिकाच्या तारखेने.

१५ जुलै

टोपणनावं. ‘इनहेरिटन्स’ १९४७ मध्ये ‘न्यू वर्ल्ड्स’मध्ये चार्ल्स विलिस या नावाने आली. ‘द फायर्स विदिन’ त्याच वर्षी ई. जी. ओब्रायन या नावाने. नुसतं ‘क्लार्क’ शोधणाऱ्याच्या हातून या निसटतात.

मालिकांबद्दल कट्ट्यावर बराच वाद झाला. ‘व्हेंचर टू द मून’ ही १९५६ मध्ये लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या वृत्तपत्रासाठी लिहिलेली सहा छोट्या तुकड्यांची मालिका. ‘द अदर साइड ऑफ द स्काय’ही सहा तुकड्यांचीच. एक धरायची की सहा? मी सहा म्हणत होते, कारण त्यातला ‘फेदर्ड फ्रेंड’ हा तुकडा एकटा उभा राहतो: अंतराळस्थानकात पाळलेला एक कॅनरी पक्षी आणि हवेत झालेला बिघाड, चारेक पानांत सगळं. पण मोजणी फुगायला लागली, तेव्हा मालिकेची एक नोंद आणि तिच्या पोटात सहा ओळी, असं केलं.

‘टेल्स फ्रॉम द व्हाइट हार्ट’ (१९५७) मधल्या थापाड्या हॅरी पर्विसच्या गोष्टी सुट्याच मोजल्या. यातली पानगृहातली बैठक खऱ्या बैठकीवर बेतलेली आहे. लंडनच्या फेटर लेनमधल्या ‘व्हाइट हॉर्स’ पबमध्ये दर गुरुवारी विज्ञानकथेचे लेखक, संपादक, वाचक जमत. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून आम्ही जे करतो, त्याचंच हे भावंड, आणि म्हणून या संग्रहावर माझा जीव आहे.

२५ जुलै

परिचयाच्या ओळी लिहिणं हे सूचीपेक्षा अवघड निघालं. क्लार्क यांच्या कित्येक कथांचा सगळा भार शेवटच्या ओळीवर असतो. परिचय जरा सैल लिहिला की कथा मेली.

‘द नाइन बिलियन नेम्स ऑफ गॉड’ (१९५३) घ्या. तिबेटमधल्या मठाचा लामा न्यूयॉर्कला येऊन संगणक भाड्याने मागतो. ईश्वराची सगळी संभाव्य नावं लिहून काढायची आहेत, नऊ अक्षरांपर्यंतची, त्यांनीच तयार केलेल्या वर्णमालेत. हाताने पंधरा हजार वर्षं लागली असती, यंत्र शंभर दिवसांत उरकेल. दोन अभियंते यंत्र घेऊन डोंगरावर जातात. पहिल्या मसुद्यात आमच्या एका सभासदाने पुढे लिहिलं होतं, ‘आणि काम पूर्ण होताच...’. ती तीन टिंबंच कथा फोडत होती. पाच वेळा खोडून आता असं ठेवलंय: ‘काम संपत आलंय. दोघे तट्टांवर बसून घाट उतरताहेत, खाली धावपट्टीवर डाकोटा विमान थांबलंय. एक जण घड्याळ बघतो.’ इथेच थांबायचं. पुढचं वाक्य वाचकाचं आहे. क्लार्क यांनी ते इतकं साधं, बिनआवाजाचं लिहिलंय की त्याच्या आसपास आपला एकही शब्द असू नये.

‘द स्टार’ची (१९५५) अडचण उलटी. एक जेझुइट धर्मगुरू, जो यानावरचा खगोलशास्त्रज्ञही आहे, स्फोट होऊन गेलेल्या एका ताऱ्याच्या अवशेषांतून परत येतोय. त्या ताऱ्याभोवती एक संस्कृती होती. मरण अटळ आहे हे कळल्यावर तिने आपल्या सर्वात दूरच्या ग्रहावर तिजोरीसारखं भुयार करून आपलं सगळं ठेवून दिलं: चित्रं, ध्वनिमुद्रणं, शहरांची दृश्यं. समुद्रकाठी खेळणारी मुलं त्यात आहेत. हे वाचताना घशाशी येतं. पण शेवट कळायला ख्रिस्ती परंपरेतली एक गोष्ट ठाऊक हवी आणि कट्ट्यावरच्या दोन तरुण मुलांना ती ठाऊक नव्हती. त्यांनी कथा संपवून विचारलं, ‘ताई, मग झालं काय?’

तळटीप देऊन पाहिली, तर तिनेच रहस्य सांगून टाकलं. शेवटी पुस्तिकेच्या मागे ‘कथा वाचून झाल्यावर’ अशी वेगळी पानं केली आणि अशा टिपा तिथे हलवल्या. असं काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे, मागची पानं ठेवाच.

३ ऑगस्ट

शेरा रकाना भरताना एक गोष्ट लक्षात आली. ‘द सेंटिनल’ १९४८ च्या नाताळात बीबीसीच्या कथास्पर्धेसाठी लिहिलेली. तिला काहीच बक्षीस मिळालं नाही. ‘द स्टार’ लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’च्या स्पर्धेसाठी लिहिलेली, विषय होता इ. स. २५००. तिलाही नाही. पहिलीतून पुढे ‘२००१’ उगवला, दुसरीला १९५६ मध्ये विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. स्पर्धेत नाकारलेल्या कथा त्यांनी फेकल्या नाहीत, मासिकांकडे पाठवत राहिले. लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे जवळ ठेवावं.

आपल्याकडे याची दुसरी बाजू आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं नाव. मोठ्या नावाचा दबाव परीक्षकांवर येऊ नये म्हणून. कथेला पहिला क्रमांक मिळाला. दोघेही आपलं विज्ञान घेऊन कथेकडे आले आणि दोघांनीही कथेला परीक्षेला बसवलं. ही नोंद पुस्तिकेत चौकटीत टाकली आहे.

१२ ऑगस्ट

विज्ञानाचे संदर्भ तपासायला पुणे जिल्ह्यातल्या आर्वीच्या विक्रम उपग्रह केंद्रात नोकरी केलेले एक काका आले. क्लार्क यांचा ऑक्टोबर १९४५ च्या ‘वायरलेस वर्ल्ड’मधला लेख त्यांना माहीत होता: विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून खालून जागच्या जागी दिसतो, आणि असे तीन उपग्रह जगभर संदेश पोचवू शकतात. काका म्हणाले, ‘अगं, आमच्या अँटेनाचं तोंड हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे. तो आकाशभर फिरत असता तर आम्हाला दिवसभर त्याच्यामागे तोंड फिरवत बसावं लागलं असतं.’ एवढ्या एका वाक्यात पोरांना सगळं कळलं. १९७५ मध्ये उपग्रहावरून खेड्यापाड्यांत टीव्ही दाखवण्याच्या भारताच्या ‘साइट’ प्रयोगाच्या वेळी इस्रोने कोलंबोत क्लार्क यांच्या घरी अँटेना बसवून दिली होती, हेही त्यांनीच सांगितलं. ते ताडून पाहिलं, बरोबर आहे.

‘सनजॅमर’मध्ये (१९६४) सूर्यप्रकाशाच्या दाबावर चालणाऱ्या शिडांच्या यानांची शर्यत आहे. एका सभासदाला ती निव्वळ कल्पना वाटली. काकांनी फळ्यावर गणित मांडलं: पृथ्वीइतक्या अंतरावर आरशासारख्या एक चौरस किलोमीटर शिडावर साधारण ९ न्यूटन दाब, म्हणजे अंदाजे एक किलो वजनाइतका. किरकोळ, पण अखंड, आणि इंधनाशिवाय. क्लार्क यांनी ही कथा ‘बॉइज लाइफ’ या मुलांच्या मासिकासाठी लिहिली आणि तिथेही गणित सोडलं नाही.

‘अ मीटिंग विथ मेड्युसा’बद्दलही (१९७१) असंच. गुरूच्या वातावरणात मुख्यतः हायड्रोजनच, म्हणजे फुग्यात भरायला त्याहून हलका वायू नाही. मग फुगा तरंगणार कसा? तोच हायड्रोजन तापवायचा. नायकाचा ‘कॉन-टिकी’ हा फुगा त्यावरच तरंगतो. कल्पना कितीही उंच गेली तरी दोरी हातात, हे मला क्लार्क यांच्यात सर्वात आवडतं.

२४ ऑगस्ट

‘पुढे काय झालं’ हा रकाना वाढवला. ‘अगेन्स्ट द फॉल ऑफ नाइट’ १९४८ मध्ये मासिकात, त्यातून १९५६ ची ‘द सिटी अँड द स्टार्स’. ‘गार्डियन एंजल’ १९५० ची, तिच्यातून १९५३ ची ‘चाइल्डहुड्स एंड’. ‘अर्थलाइट’ १९५१ ची कथा, १९५५ ची कादंबरी. ‘द साँग्ज ऑफ डिस्टंट अर्थ’ कथा म्हणून १९५८ मध्ये आली आणि त्याच नावाची कादंबरी १९८६ मध्ये, म्हणजे अठ्ठावीस वर्षं ती मनात राहिली. ‘द हॅमर ऑफ गॉड’ १९९२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने छापली, पुढच्याच वर्षी कादंबरी.

‘द सेंटिनल’ आणि सिनेमाबद्दल एक खुलासा सूचीत मुद्दाम घातला. कथेत चंद्रावर जे सापडतं ते पिरॅमिडच्या आकाराचं, चकाकणारं आहे, काळी शिळा नव्हे. सिनेमा बघून कथेकडे येणारा तीच शिळा शोधतो आणि हिरमुसतो. कथा आधी वाचा.

५ सप्टेंबर

क्रम पूर्ण लागला. सुरुवातीला ‘लूपहोल’ एप्रिल १९४६ आणि लगोलग मे मध्ये ‘रेस्क्यू पार्टी’. खरेदी ‘रेस्क्यू पार्टी’ची आधी झाली होती, छापून ‘लूपहोल’ आधी आली. म्हणून ‘पहिली कथा’ असं लिहिताना पहिली विकलेली की पहिली छापलेली ते स्पष्ट लिहिलं. त्याआधीची १९३७-३८ ची हौशी मासिकांतली लेखनं वेगळ्या पानावर.

तक्ता उभा धरला की कारकीर्द डोळ्यांपुढे येते. युद्ध संपतं, किंग्ज कॉलेजमध्ये पदवी, ‘फिजिक्स अॅब्स्ट्रॅक्ट्स’मध्ये सहायक संपादकाची नोकरी, आणि त्याच काळात मासिकांत कथांची गर्दी. १९४९ आणि १९५१ ही दोन वर्षं तर ठासून भरलेली. १९५६ मध्ये श्रीलंकेला मुक्काम आणि समुद्राचं वेड. १९६४ पासून दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांच्याबरोबर ‘२००१’ सिनेमाचं काम. ‘मेड्युसा’नंतर मोठी कथा जवळपास थांबते, कादंबऱ्या पुढे येतात. शेवटाकडे ‘नेचर’सारख्या शास्त्रीय नियतकालिकात १९९९ मध्ये पानभराची कथा. मासिकं कमी झाली, मान वाढला, कथा घटल्या. मला याचं वाईट वाटतं, कारण मेड्युसासारख्या आणखी चार कथा मिळाल्या असत्या तर मी दोन कादंबऱ्या सहज सोडल्या असत्या.

एखादी कथा मराठीत करून पुस्तिकेत द्यावी अशी मागणी होती. ती सोडली. क्लार्क २००८ मध्ये गेले आणि आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. परवानगीशिवाय ते होणार नाही. परिचय आपल्या शब्दांत, मूळ कथा मूळ पुस्तकात.

१८ सप्टेंबर

छपाई. अक्षरजुळणी करणाऱ्याकडे जुना, युनिकोड नसलेला फाँट होता. मजकूर त्यात ओतल्यावर ‘ॲ’ आणि ‘ऑ’ जागोजागी उडाले, ‘सनजॅमर’चं ‘सनजमर’ झालं, आणि दोन आकडी महिन्यांतली शून्यं गायब. इंग्रजी नावं देवनागरीत लिहिली की हे होतंच. दोन मुद्रितं तपासूनही चुका राहात होत्या, म्हणून युनिकोड फाँटमध्ये आम्हीच पानं लावून पीडीएफ दिली. तीन दिवस गेले, पण शून्यं परत आली.

३२ पानं, पिनबांधणी, १०० प्रती, ३,२०० रुपये. किंमत ४० रुपये ठेवली.

२७ सप्टेंबर

पुस्तिका कपाटाशेजारी टांगली आहे. वाचायला सुरुवात कुठून करावी विचारणाऱ्यांना मी पाच नावं सांगते, याच क्रमाने: ‘रेस्क्यू पार्टी’, ‘द सेंटिनल’, ‘सुपिरिऑरिटी’, ‘द स्टार’, ‘अ मीटिंग विथ मेड्युसा’. पेन्सिलने राहिलेल्या काही नोंदी अजून पक्क्या व्हायच्या आहेत, त्या दुसऱ्या आवृत्तीत.

कोरा तक्ता वाचनालयाच्या संगणकावर ठेवला आहे, कोणीही न्यावा. पुढचं काम इंग्रज विज्ञानकथालेखक जे. जी. बॅलार्ड. त्यांच्या पहिल्या दोन कथा डिसेंबर १९५६ मध्येच आल्या, ‘प्रायमा बेलाडोना’ ‘सायन्स फँटसी’मध्ये आणि ‘एस्केपमेंट’ ‘न्यू वर्ल्ड्स’मध्ये. एकाच महिन्यातल्या कथांचा क्रम कसा लावायचा, हे तक्त्यात अजून ठरवलेलं नाही. ते आधी ठरवून मगच नोंदी भरायला घेऊ.